दोनदा परत पाठवलेलं रक्त

तपनदाने तिसरी ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून बाहेर काढली, खिडकीच्या उजेडात धरली आणि तो काहीच बोलला नाही. एरवी हा माणूस गप्प बसत नाही. तीस वर्षं लॅबमध्ये काढलेला टेक्निशियन आहे, फुटबॉलपासून सुनेच्या स्वयंपाकापर्यंत सगळ्यावर त्याचं मत असतं. मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली.

"की होलो?" काय झालं?

"आबार लाल, दिदी."

पुन्हा लाल. मी खुर्ची मागे सारून उठले.

लाल म्हणजे काय ते सांगते. रक्ताची ट्यूब यंत्रात गरगर फिरवली की पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. त्याला सीरम म्हणतात. किडनी, लिव्हर, क्षार, सगळ्या तपासण्या त्या सीरमवर होतात. ते लाल दिसलं तर समजायचं की तांबड्या पेशी फुटल्या आणि आतलं हिमोग्लोबिन बाहेर सांडलं. हे आमच्याकडे रोज होतं. सुई बारीक असते, सिस्टर घाईत असते, सिरिंज जोरात ओढली जाते, आणि पेशी ट्यूबमध्ये पोचेपर्यंत फुटतात. अशा नमुन्यावरचे आकडे खोटे येतात. म्हणून नियम सोपा आहे. 'सॅम्पल हिमोलाइज्ड, रिजेक्टेड' असा शिक्का मारायचा आणि नवीन रक्त मागवायचं.

नियम मीच लिहिलेला. कोलकात्यात बायपासजवळच्या एका हॉस्पिटलची लॅब मी गेली बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि खराब नमुना माझ्या हातून पुढे जात नाही याची मला घमेंड आहे. होती, म्हणा.

या पेशंटची पहिली ट्यूब आदल्या संध्याकाळी आली. लाल. रिजेक्ट. दुसरी सकाळी आठला आली. लाल. रिजेक्ट. या वेळी मी स्वतः वॉर्डला फोन करून सिस्टरला चार शब्द सुनावले. "मुलीच्या शिरा सापडत नाहीत, मॅडम," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. मी म्हटलं, शिरा सगळ्यांना असतात. मग तपनदालाच वर पाठवलं. त्याच्यासारखा हात हॉस्पिटलमध्ये दुसरा नाही. त्याने मोठी सुई घेतली, पट्टा सैल बांधला, रक्त आपोआप येऊ दिलं आणि ट्यूब तळहातावर धरून जिन्याने खाली आणली.

आणि तरी लाल.

मग सुईचा दोष नव्हता. रक्त ट्यूबमध्ये फुटत नव्हतं, मुलीच्या अंगात फुटत होतं. आम्ही पंधरा तास ते परत पाठवत होतो.

मुलीचं नाव ऋतुजा बोरकर. वय तेवीस, न्यू टाउनमध्ये एका कंपनीत नोकरी. वडील सरकारी बँकेत अधिकारी, नागपूरहून बदलीवर आलेले. गणपतीत आमची मराठी मंडळी जमतात तिथे मी या माणसाला पाहिलं होतं. घरातल्या मोदकांचा डबा घेऊन सगळ्यांत आधी येणारा, अबोल गृहस्थ. ऋतुजाला जन्मापासून सिकल सेल आहे. तांबड्या पेशी एरवी गोल आणि लवचिक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर मोडतात. अडकल्या की हाडं फोडल्यासारखी दुखतात. त्याला क्रायसिस म्हणतात. ऋतुजा पाठ आणि पाय दुखतात, ताप आहे, म्हणून आली होती. क्रायसिस आहे असं समजून सलाइन आणि वेदनाशामक चालू होतं. विदर्भात डॉक्टरांना हा आजार पाठ असतो. बंगालमध्ये आम्हाला पाठ असतो तो थॅलेसेमिया. ज्या घरात तो आहे तिथे दर महिन्याला पोराला रक्त चढवायला नेणं हे शाळेची फी भरण्याइतकं नेहमीचं आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी तिचे बाकीचे आकडे काढले. हिमोग्लोबिन वेगळ्या ट्यूबवर मोजतात, ते काल संध्याकाळी ६.२ होतं, आता ४.९. सिकल सेलवाल्यांचं सात-आठ असतं, शरीर त्याला सरावलेलं असतं. पण चारच्या घरात म्हणजे हृदय रिकामं पंपिंग करतंय. एलडीएच नावाचं एक एन्झाइम पेशी फुटल्या की वाढतं. ते मोजायच्या पट्टीच्या बाहेर गेलं होतं. आणखी एक आकडा बघितला, रेटिक काउंट. अस्थिमज्जा नव्या, कोवळ्या पेशी किती बनवते आहे ते त्यावरून कळतं. इतक्या पेशी फुटत असताना तो भरपूर वाढायला हवा. तिचा पडला होता. घर जळत होतं आणि गवंडी संपावर गेले होते.

आता प्रश्न होता, का. तपनदा तिचं रक्त एचपीएलसी यंत्रावर घालून बसला होता. हे यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतं. निरोगी माणसात बहुतेक 'ए' असतं. ऋतुजासारख्या पेशंटमध्ये 'एस' असतं आणि 'ए' अजिबात नसतं. अजिबात. स्क्रीनवर रेघ चढली, उतरली, आणि 'ए'च्या जागी एक छोटासा उंचवटा आला. चार टक्के.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चार टक्के. हे तिचं नव्हतंच. हे दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं.

फाइलमध्ये रक्त चढवल्याची एकही ओळ नव्हती. मी वर वॉर्डला फोन लावला. सिस्टर म्हणाली, "मॅडम, आता बोलता येणार नाही, पेशंटला ब्लड लावतेय. दोन बॅग आल्यात."

मी ॲप्रनही न घालता धावले. छपन्नाव्या वर्षी चार मजले धावणं काय असतं ते विचारू नका. लिफ्टची वाट बघायची हिंमत नव्हती.

सिस्टर बॅगचा नंबर मोठ्याने वाचत होती, दुसरी कागदावर टिक करत होती. डॉक्टर सेनगुप्ता, मेडिसिनचे कन्सल्टंट, शेजारी उभे. तरुण माणूस, हुशार, जरा तापट.

"थांबा," मी म्हटलं. पुढचं वाक्य बोलायला दम पुरेना.

"मॅडम, हिमोग्लोबिन ४.९ आहे. तुमच्याच लॅबचा रिपोर्ट."

"माहीत आहे. लावू नका."

"क्रॉसमॅच बरोबर आलाय, रक्त जुळतंय. रिपोर्ट तुमच्याच ब्लड बँकेचा."

"माहीत आहे. दहा मिनिटं द्या. मला तिच्याशी बोलू दे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू माझंच डोकं तपासायला हवं. पण बॅग खाली ठेवली.

ऋतुजाचा चेहरा हळदीने माखल्यासारखा पिवळा होता. ओठ पांढरे. मी मराठीत विचारलं, "बाळा, गेल्या महिन्याभरात कुणी रक्त चढवलं का तुला?" तिने दाराकडे बघितलं. दारात वडील उभे होते.

"नाही हो," तेच म्हणाले. "नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. अगदी जीवावर बेतल्याशिवाय रक्त द्यायचं नाही. लहानपणी एकदा दिलं होतं, सहा वर्षांची असताना. त्यानंतर कधीच नाही."

मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा. ते थांबले नाहीत. मग मी त्यांच्यादेखतच तिला म्हटलं, "मशीनमध्ये दुसऱ्याचं रक्त दिसतंय. मशीन खोटं बोलत नाही. कोण रागावेल ते नंतर बघू. आत्ता तू सांगितलं नाहीस तर मी तुला वाचवू शकणार नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. नऊ दिवसांपूर्वी, ती म्हणाली. दोन बॅग.

ऑफिसमध्ये प्रोजेक्टचं मोठं काम होतं आणि ही सतत थकलेली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीचा मावसभाऊ बाबाई थॅलेसेमियाचा पेशंट. ती म्हणाली, अगं त्यात काय, आमचा बाबाई दर महिन्याला रक्त घेतो आणि दुसऱ्या दिवशी क्रिकेट खेळतो, तू पण घेऊन बघ. मैत्रिणीनेच हावड्याच्या बाजूचं एक छोटं नर्सिंग होम शोधून दिलं. त्यांनीही फार विचारलं नाही. रक्ताचा आजार, हिमोग्लोबिन ७.६, दोन बॅग. शनिवारी सकाळी गेली, संध्याकाळी घरी. बाबांना सांगितलं, ऑफिसची पिकनिक आहे. "आठवडाभर इतकं छान वाटलं," ती म्हणाली, "मला वाटलं, बाबा उगाच घाबरतात." परवापासून दुखायला लागलं. लघवी बिनदुधाच्या काळ्या चहासारखी होत होती. तेही तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

बोरकर भिंतीला टेकले.

मी सेनगुप्तांना बाजूला घेऊन जे सांगितलं, तेच इथे सांगते. ए, बी, ओ हे रक्तगट सगळ्यांना ठाऊक असतात. त्याखेरीज कितीतरी बारीक गट असतात. सहाव्या वर्षी दिलेल्या रक्तातला असा एखादा गट ऋतुजाच्या शरीराने परका म्हणून ओळखून ठेवला, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. पुढे त्या इतक्या कमी झाल्या की क्रॉसमॅचमध्ये सापडेनात. पण शरीर विसरलं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी तोच गट पुन्हा आत आला, आणि आठवड्याभरात फौज तयार झाली. परक्या पेशी तर मारल्याच. सिकल सेलमध्ये कधी कधी ही फौज भान सोडते आणि स्वतःच्या पेशीही मारत सुटते. दोन बॅगांचं 'ए' पाव हिस्सा तरी असायला हवं होतं, ते चार टक्क्यांवर आलं. आणि हिमोग्लोबिन रक्त घेण्यापूर्वी होतं त्याच्याही खाली गेलं. अशा वेळी नवीन रक्त देणं म्हणजे आगीत तेल ओतणं.

"पुरावा?" सेनगुप्तांनी विचारलं. "तुमची कूम्ब्स टेस्ट काय म्हणते?" कूम्ब्स म्हणजे पेशींना चिकटलेल्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट.

"निगेटिव्ह. चिकटलेल्या पेशी फुटून गेल्या की उरेल काय?"

"म्हणजे पुरावा नाही."

"चार टक्के आहे. आणि तीन लाल ट्यूब आहेत."

"मॅडम, तुमचं चुकलं तर ही मुलगी ॲनिमियाने जाईल."

"आणि तुमचं चुकलं तर रक्ताने."

हे मी जितकं ठणकावून बोलले तितकी खात्री मला मुळीच नव्हती. आमचं काम खाली तळमजल्यावर चालतं, आम्ही आकडे देतो, निर्णय वरचे घेतात. पस्तीस वर्षांत मी कुणाच्या उशाची बॅग काढून घ्यायला लावली नव्हती. सेनगुप्ता दोन मिनिटं येरझाऱ्या घालत राहिले. मग म्हणाले, "आयसीयूत हलवतो. फौज आवरायला स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोबुलिन, मज्जा जागी करायला एरिथ्रोपोएटिन. बॅग परत पाठवतो. पण हिमोग्लोबिन चारच्या खाली गेलं किंवा ती धापा टाकायला लागली, तर मी तुमचं ऐकणार नाही."

"तेव्हा मीच आणून देईन," मी म्हटलं. "तेवढ्यात अँटिबॉडी शोधते, म्हणजे निदान जुळणारं रक्त देता येईल."

एक गोष्ट मी लगेच केली. तिच्या सगळ्या तपासण्यांसाठी तान्ह्या बाळांच्या ट्यूब लावल्या, ज्यांत काही थेंबच रक्त लागतं. मोठ्या ट्यूब भरून घेतलेलं आणि आम्ही मोरीत ओतलेलं तिचं रक्त आठवून मला स्वतःची लाज वाटली.

बोरकरांनी मला ब्लड बँकेच्या दारात गाठलं. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी नागपूर वर आलं.

"मॅडम, काय करून राहिले तुम्ही? पोरीचं रक्त संपून राहिलं अन् तुम्ही बॅग परत पाठवता?" त्यांनी मागे हात केला. बाकांवर आमची मराठी मंडळी बसली होती. नऊ जण. बँकेतले, विमा कंपनीतले, एक तर सियालदहहून गाडी चुकवून आलेले प्राध्यापक. कुणी दंड उघडे करून तयारच बसलं होतं. "हे लोक रक्त द्यायला उभे आहेत. तुम्ही आपल्या मंडळींतल्या म्हणून मी विश्वासाने इथं आलो. अन् तुम्ही म्हणता नका देऊ? कायले नका देऊ?"

मी समजावलं. एकदा, दोनदा. त्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. रक्त कमी आहे, रक्त समोर आहे, आणि एक बाई नको म्हणते. त्यांच्या जागी मी असते तर त्या बाईला ढकलून आत गेले असते.

"दादा," शेवटी मी म्हटलं, "या सगळ्यांना थांबू दे. थोडं थोडं रक्त तपासणीला देऊ दे. नेमका शत्रू कळला की यांच्यातलं कुणाचं चालेल ते बघते."

"अन् तोपर्यंत?"

"तोपर्यंत वाट बघायची."

"किती?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

संध्याकाळी हिमोग्लोबिन ४.५ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्वतः यंत्रासमोर उभी होते. ४.१. सेनगुप्तांचा फोन आला. "धाप?" मी विचारलं. "नाही. पण नाडी एकशे तीस." मी म्हटलं, दुपारपर्यंत. ते म्हणाले, दुपारपर्यंत. त्या सकाळी तपनदाने मला तीन वेळा चहा आणून दिला आणि तिन्ही वेळा गार झालेला उचलून नेला. त्याने फुटबॉलबद्दल काहीतरी बोलावं असं मला पहिल्यांदाच वाटलं.

साडेबाराला शहरातल्या मोठ्या रक्तकेंद्रातून फोन आला. त्यांच्याकडे आम्ही नमुना पाठवला होता. अँटिबॉडी सापडली. 'किड' नावाच्या गटाविरुद्धची. रक्तातून गायब होण्यात आणि क्रॉसमॅचला चकवण्यात ही कुप्रसिद्ध आहे. मी खुर्चीत बसले आणि चक्क रडले. निदान बरोबर होतं म्हणून नाही. आता तिला द्यायची वेळ आलीच तर काय द्यायचं ते कळलं होतं, म्हणून. नऊ जणांपैकी दोघांचं रक्त चालण्यासारखं निघालं. प्राध्यापकांचं आणि विमा कंपनीतल्या एका मुलाचं. दोन बॅगा काढून ऋतुजाच्या नावाने ठेवल्या. बोरकरांना सांगितलं. ते पहिल्यांदाच बाकावर नीट टेकून बसले.

दुपारी ४.१. संध्याकाळी ४.१.

घसरण थांबली होती. तिसऱ्या दिवशी सीरम पिवळट गुलाबी आलं. चौथ्या दिवशी रेटिक काउंट चढला, गवंडी कामावर आले. ४.६. ५.३. त्या दोन बॅगा लागल्याच नाहीत, दुसऱ्या पेशंट्सना गेल्या. बाराव्या दिवशी ऋतुजा घरी गेली, ६.९ घेऊन, आणि पाकिटात एक कार्ड घेऊन. त्यावर तिची अँटिबॉडी ठळक अक्षरात लिहिली आहे. जन्मभर जवळ बाळगायचं, कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवायचं. जाण्यापूर्वी मी तिला भरपूर बोलून घेतलं. आजार लपवता येतो, रक्तातलं लपवता येत नाही, वगैरे. तिने मान खाली घालून ऐकलं.

बोलून झाल्यावर मला चैन पडेना. मी बोरकरांना माझ्या केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्हाला एक सांगायचं राहिलंय," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी संध्याकाळीच तिचं सीरम लाल आलं होतं. आम्ही सुईचा दोष समजून परत पाठवलं. सकाळीही तेच. मी तेव्हाच वर गेले असते तर औषधं पंधरा तास आधी सुरू झाली असती. कदाचित हिमोग्लोबिन चारपर्यंत उतरलं नसतं."

त्यांनी हातातली फाइल टेबलावर ठेवली.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मले कधी कळलं असतं?"

"नाही."

"मग कायले सांगितलं?"

"आत्ताच तुमच्या पोरीला लपवण्यावरून झापून आले."

ते उठले, नमस्कार केला आणि गेले. मला वाटलं, माणूस समजूतदार आहे, विषय संपला. पुढच्या आठवड्यात त्यांची लेखी तक्रार आली. दोन पानं, मुद्देसूद, बँकेतल्या माणसाचं इंग्रजी. मॅनेजमेंटने माझ्याकडे खुलासा मागितला. माझ्या सहकाऱ्यांनी सुचवलं, लिहा की नियमाप्रमाणेच वागलो. ते खरंही होतं. पण मी एका ओळीत लिहिलं, तक्रार बरोबर आहे, नियम चुकीचा होता, नवा सोबत जोडला आहे.

नवा नियम असा आहे. एकाच पेशंटचं सीरम दुसऱ्यांदा लाल आलं तर शिक्का मारायचा नाही. ट्यूब जपून ठेवायची आणि लॅबमधल्या कुणीतरी जिना चढून पेशंटला बघून यायचं. बहुतेक वेळा दोष सुईचाच निघतो. तपनदा गुडघ्यावर हात ठेवत, कुरकुरत, खाली येतो आणि म्हणतो, "किछू ना, दिदी." काही नाही. मग मी त्याला पुढच्या वेळीही पाठवते.